कडकनाथाचे पिल्लू घेण्यापूर्वी

कल्याणला किंवा मुरबाडला बाजारच्या दिवशी कोणी काळ्याभोर पिल्लांची पाटी घेऊन बसला, की माणसं भोवती गोळा होतात. "अस्सल कडकनाथ आहे, दादा!" असं म्हणून तो गावठी पिल्लाच्या कितीतरी पट भाव सांगतो आणि घेणाराही घेऊन टाकतो. सहा महिन्यांनी उमगतं, की पिल्लू काळं होतं, पण कडकनाथ नव्हतं. तेव्हा हा पक्षी पाळावा कसा, याआधी तो आणावा कोठून, हे पाहू या.

कडकनाथ ही मूळची मध्य प्रदेशातील झाबुआ, अलीराजपूर, धार या मुलखातील जात. तेथील भिल्ल आणि भिलाला लोकांनी ती पिढ्यान्‌पिढ्या सांभाळली. तिकडे तिला 'कालामासी' असेही म्हणतात. २०१८ साली झाबुआच्या कडकनाथ मांसाला भौगोलिक मानांकन मिळाले. या पक्ष्याची कातडी, तुरा, जीभ, पाय, इतकेच काय, मांस आणि हाडेदेखील काळपट असतात. अंडे मात्र काळे नसते, फिकट तपकिरी असते. काळे अंडे दाखवून कोणी भाव सांगू लागला, तर सरळ पुढे चालू लागावे.

पण नुसता काळा रंग हा पुरावा नव्हे. हा गुण संकरातही उतरतो. कडकनाथ कोंबडा गावठी कोंबडीला दिला, तरी पहिल्या पिढीतील काही पिल्ले, विशेषतः माद्या, चांगल्या काळ्या निपजतात. पुढच्या पिढीत मात्र कोणी काळे, कोणी गोरे, अशी खिचडी होते. म्हणून पिल्लू पाहून घेऊ नये, त्याच्या आईबापांचा कळप पाहून घ्यावे. झाबुआच्या कृषी विज्ञान केंद्राने या जातीवर काम केले आहे. आपल्याकडे तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात आधी चौकशी करावी. मुंबईला आरे कॉलनीत केंद्र सरकारची कुक्कुट विकास संस्था आहे, तेथेही विचारावे. पावती घेतल्याशिवाय पैसे देऊ नयेत.

लांबून आणायची, तर एक दिवसाचीच पिल्ले आणावीत. अंड्यातील बलकाचा उरलेला अंश पिल्लाच्या पोटात असतो, त्यावर ते दिवसभराचा प्रवास निभावून नेते. घरी येताच आधी पाणी, मग खाद्य. पहिल्या आठवड्यात ३५ अंशांच्या आसपास ऊब लागते, पुढे दर आठवड्याला दोन-तीन अंश कमी करावी. पिल्ले दिव्याखाली गर्दी करू लागली, तर थंडी वाजते आहे; दूर पळून चोची उघडून बसली, तर उकडते आहे.

ठाणे जिल्ह्यातला खरा वैरी म्हणजे पावसाळा. खुराड्यात भाताचे तूस अंथरतो, ते ओले राहिले की रक्ती हगवण आलीच. जमीन उंच ठेवा, तूस वरचेवर हलवा, भिजलेले काढून टाका. मानमोडीची लस पहिल्या आठवड्यात आणि पुन्हा दोन महिन्यांच्या सुमारास टोचून घ्या. २०२२ च्या फेब्रुवारीत शहापूर तालुक्यात वेहळोलीला बर्ड फ्लू आला, तेव्हा हजारो पक्षी नष्ट करावे लागले. अचानक मर लागली, तर मेलेले पक्षी ओढ्यात फेकू नका. लगेच दवाखान्यात कळवा.

आता वाण शुद्ध राखायचा, तर आठ-दहा माद्यांमागे एक कोंबडा ठेवावा आणि तो वर्षा-दोन वर्षांनी दुसऱ्या कळपातून बदलावा. माद्या गावठी कोंबड्याबरोबर हिंडल्या असतील, तर त्यांना वेगळ्या करून तीन आठवडे थांबावे, मगच उबवणीची अंडी धरावीत. ही कोंबडी अंड्यांवर नीट बसत नाही. ते काम आपल्या खुडूक गावठी कोंबडीला द्या. दहा-बारा अंडी ती २१ दिवसांत सहज उबवते. तिला कमी लेखू नका! शिक्षकांनी मुलांकडून अंडी ठेवल्याची तारीख आणि निघालेली पिल्ले यांची वही ठेववून घ्यावी. गणिताचा तोही एक धडाच.

शेवटी पैशाची गोष्ट. कडकनाथ वर्षाला सुमारे शंभर अंडी देते. पिंजऱ्यातली संकरित कोंबडी तीनशेच्या घरात. म्हणजे अंडी महाग विकली, तरच परवडते. "पिल्ले आमच्याकडून घ्या, अंडी आम्हीच विकत घेऊ", असे सांगणाऱ्यांपासून जपून राहा. २०१९ साली सांगली जिल्ह्यात इस्लामपूरला अशाच एका योजनेत शेतकऱ्यांचे पैसे अडकले आणि प्रकरण पोलिसांत गेले. त्यापेक्षा डोंबिवली-ठाण्यात दहा घरे बांधून घ्या, जी दर आठवड्याला अंडी नेतील. गिऱ्हाईक आधी, पिल्ले मागून. आणि तीही पहिल्या वर्षी वीस-पंचवीसच. एवढे सांभाळले, तर झाबुआच्या लोकांनी जपलेला हा वाण तुमच्या अंगणातही टिकेल, आणि तुमची पुंजीही टिकेल.