जुन्या वेलींचें तांबडें मद्य

द्राक्षाची वेल म्हातारी होऊं लागली कीं तिचे घड विरळ होतात, आणि व्यवहारी बागाईतदार ती उपटून नवी लावतो. हा हिशेब न मानणाऱ्या एका घराण्याविषयीं आज सांगावयाचें आहे. प्रशियाच्या सायलेशिया प्रांतांतून आलेल्या योहान ख्रिस्तियान हेन्श्के या लूथरपंथी शेतकऱ्यानें १८६८ सालीं दक्षिण ऑस्ट्रेलियांतील ईडन व्हॅलीच्या परिसरांत मद्यशाळा काढली. आज तेथें त्याच्या वंशाची सहावी पिढी काम करीत आहे. त्यांच्या 'हिल ऑफ ग्रेस' या मळ्यांतील सर्वांत जुन्या शिराझ वेली १८६० च्या सुमारास लावलेल्या आहेत. मळ्यासमोर ग्नाडेनबर्ग नांवाचें एक लहानसें चर्च आहे. त्या जर्मन नांवाचा अर्थच 'कृपेची टेकडी'.

या वेली इतकीं वर्षें जगल्या कशा? एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत अमेरिकेहून आलेल्या फिलॉक्सेरा या मुळें शोषणाऱ्या सूक्ष्म कीटकानें फ्रान्सचे मळेच्या मळे वाळवून टाकले. अमेरिकन वेलींचीं मुळें मात्र त्याला दाद देत नाहींत. म्हणून त्या खुंटांवर युरोपीय जातींचीं कलमें बांधण्याचा उपाय निघाला. (आपल्या नाशिक-सांगलीकडेही डॉगरिज या अमेरिकन खुंटावर कलमें करतात, पण तेथें कारण निराळें, खारट जमीन व पाण्याची टंचाई.) ही कीड १८७७ मध्यें व्हिक्टोरियांत पोहोंचली. शेजारच्या दक्षिण ऑस्ट्रेलियानें १८९९ सालीं कायदा करून वेलींच्या आयातीस कडक बंधनें घातलीं, आणि तो प्रांत बचावला. त्यामुळें हिल ऑफ ग्रेसच्या जुन्या वेली अजून स्वतःच्याच मुळांवर उभ्या आहेत.

जुन्या वेलीचें मद्य उत्तम कां, याचें उत्तर पुष्कळदां भाविकपणें दिलें जातें. जाड खोडांत अन्नाचा सांठा असतो, मुळें खोल गेलेलीं असतात, म्हणून कोरड्या वर्षींही वेल फारशी डगमगत नाहीं, हें खरें. फळ थोडें येतें. मणी लहान असला तर रसाच्या मानानें सालीचें प्रमाण वाढतें; आणि काळ्या द्राक्षाचा रस बहुधा फिकाच असल्यामुळें तांबड्या मद्याचा रंग व तुरटपणा सालींतूनच येतो. म्हणूनच रस सालींसह आंबवितात व पुढें ओकच्या पिंपांत मुरवितात. परंतु माझ्या मतें आणखी एक गोष्ट ध्यानांत ठेवावी: ज्या मळ्याचें फळ सामान्य होतें तो केव्हांच मोडला गेला, उरले ते मुळांतच चांगले होते.

अर्थात् चांगलेही सगळे उरले नाहींत. १९८५ नंतरच्या दोन-तीन वर्षांत द्राक्षें मागणीहून अधिक झालीं, तेव्हां सरकारनेंच वेली उपटणारांस पैसे दिले, आणि कित्येक जुने मळे भुईसपाट झाले. हेन्श्के घराण्याची वाट वेगळी होती. सिरिल हेन्श्के यांनीं १९५८ मध्यें या एकाच मळ्याचें मद्य प्रथम स्वतंत्रपणें काढलें होतें. त्यांचे पुत्र स्टीफन व स्नुषा प्रू यांनीं कारभार हातीं घेतल्यावर प्रूबाईंनीं जुन्यांतील उत्तम वेली निवडून त्यांच्या काड्यांपासून नवीं रोपें केलीं. मात्र त्यांचें मद्य जुन्यांच्या तोडीचें होण्यास पिढी जावी लागते.

एवढ्या तपश्चर्येनंतरही निसर्ग ऐकतोच असें नाहीं. २००० सालचें पीक मनासारखें उतरलें नाहीं. त्या वर्षाची 'हिल ऑफ ग्रेस' या नांवाची एकही बाटली त्यांनीं बाजारांत आणली नाहीं.