सीपीच्या मुलाचं ऑपरेशन : नुसती टाच बघू नका, गुडघा आणि खुबाही तपासून घ्या

छत्रपती संभाजीनगर : मूल चवड्यावर चालतं, गुडघे एकमेकांवर घासतात, पायांची कात्री होते. सोयगाव असो की पैठण, असं लेकरू घरात असलं की कुणीतरी म्हणतंच, "ऑपरेशन करून टाका, पाय मोकळे होतील." सेरेब्रल पाल्सी म्हणजेच सीपीमध्ये ऑपरेशनचा फायदा होतो. पण कोणतं, कधी आणि नंतर काय, हे न विचारता केलं तर ते उलटही पडतं.

सीपीत इजा मेंदूला झालेली असते; जन्माआधी, बाळंतपणात किंवा अगदी लहानपणी. ती वाढत नाही आणि ऑपरेशनने बरीही होत नाही. मग चौथ्या वर्षी टाच टेकवणारं मूल आठव्या वर्षी का टेकवत नाही? हाड वाढत जातं, पण सतत ताठ असलेला स्नायू त्याच्या बरोबरीने लांब होत नाही. आई-वडिलांना वाटतं, आजार वाढला.

लहान वयात व्यायाम, स्प्लिंट, प्लास्टर किंवा ताठरपणा कमी करणारं बोटॉक्सचं इंजेक्शन यांवर भागतं. स्नायू कायमचा आखडला किंवा हाडाला पीळ पडला, की ऑपरेशनचा विचार होतो. चालणाऱ्या मुलात ही वेळ बहुतेकदा ६ ते १२ वर्षांच्या दरम्यान येते.

फसगत टाचेत होते. दोन्ही पाय ताठ असताना फक्त टाचेची शीर सैल केली आणि गुडघ्यामागचे स्नायू तसेच राहिले, तर मूल गुडघे वाकवून चालायला लागतं. वजन वाढलं की तेही जड जातं. जास्त सैल झालेली शीर पुन्हा घट्ट करणं फार अवघड. म्हणून आता खुबा, गुडघा, घोटा यांचं जे काही करायचं ते शक्यतो एकाच वेळी करतात. पूर्वी दरवर्षी एकेक ऑपरेशन व्हायचं, बालपण प्लास्टरमध्येच जायचं.

जे मूल चालतच नाही, त्याचा खुबा हळूहळू सांध्यातून सरकू शकतो. सुरुवातीला दुखत नाही, त्यामुळे ठराविक काळाने एक्स-रे काढल्याशिवाय कळत नाही. अशा मुलाचं ऑपरेशन चालण्यासाठी नसतं. दुखू नये, नीट बसता यावं, आईला स्वच्छता करता यावी, यासाठी असतं. हेही कमी नाही.

प्लास्टर साधारण महिना-दीड महिना. ते निघाल्यावर पाय आधीपेक्षा लुळा वाटतो, लेकरू रडतं, शेजारी म्हणतात बिघडवलं. इथे व्यायाम सोडला तर सगळं वाया. खरा फरक दिसायला वर्षभर लागतं. त्यामुळे तारीख घेताना कापूस वेचणीचाही हिशोब करावा. रोज व्यायाम करून घ्यायला घरचं एक माणूस मोकळं पाहिजे.

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि शाळेत एकदा येतं, १८ वर्षांपर्यंतची मुलं तपासतं. त्यांना मूल दाखवा, नाहीतर थेट घाटीत बालरोग आणि अस्थिरोग विभागात. केंद्राच्या निरामय विम्यात सीपीच्या मुलाला १ लाखापर्यंत संरक्षण आहे. महात्मा फुले योजनेत आपलं ऑपरेशन बसतं का, हे दाखल होण्याआधीच आरोग्यमित्राला विचारा.

जाताना जुने एक्स-रे न्या, आणि मूल चालतानाचा समोरून व बाजूने व्हिडिओ मोबाइलवर काढून ठेवा. नव्या जागी लेकरू बुजतं, चालूनच दाखवत नाही.