१२ दिवस थांबा, वर्षभराचा खेळाडू मिळवा : बेसबॉलचे चाहते दर मार्चमध्ये नेमके कशावरून भांडतात?

मार्च २०१५. अमेरिकेतल्या अ‍ॅरिझोना राज्यातलं मेसा शहर. शिकागो कब्स या बेसबॉल संघाचे सराव सामने सुरू होते आणि २३ वर्षांचा क्रिस ब्रायंट समोर येईल त्या पिचरला धुऊन काढत होता. १४ सामन्यांत ९ होम रन. बॅटिंगच्या ४० संधींपैकी १७ वेळा हिट, म्हणजे सरासरी ०.४२५. मुख्य हंगामात ज्याची सरासरी ०.३०० असते तो खेळाडू भारी समजला जातो, एवढं सांगितलं तरी अंदाज येईल. त्या महिन्यात मेजर लीगमधल्या कुठल्याच खेळाडूने ब्रायंटइतके होम रन मारले नव्हते.

३० मार्चला संघाने निर्णय जाहीर केला. ब्रायंट मुख्य संघात नाही, तो मायनर लीगमध्ये, म्हणजे खालच्या फळीच्या संघात खेळणार.

कारण दिलं गेलं, त्याची फिल्डिंग अजून सुधारायला हवी. यावर शिकागोत फार कमी लोकांचा विश्वास बसला. पण गंमत अशी की विश्वास न बसलेल्यांमध्येही दोन तट पडले. एक तट म्हणत होता, १९०८ नंतर आपण एकदाही वर्ल्ड सिरीज जिंकलेली नाही आणि हातातला सगळ्यात तगडा बॅटर तुम्ही बाहेर ठेवताय? दुसरा तट शांत होता. त्यांचं म्हणणं, अहो, फक्त १२ दिवस कळ काढा, आख्खं एक वर्ष जास्तीचं मिळेल.

हे १२ दिवस आले कुठून? त्यासाठी आधी हा मार्च महिना समजून घ्यावा लागेल.

स्प्रिंग ट्रेनिंग म्हणजे काय?

मेजर लीगमध्ये ३० संघ आहेत. फेब्रुवारीच्या मध्यावर पिचर आणि कॅचर सरावाला हजर होतात, काही दिवसांनी बाकीचे येतात. उत्तरेत तेव्हा थंडी असते, म्हणून १५ संघ फ्लोरिडात आणि १५ अ‍ॅरिझोनात मुक्काम टाकतात. फ्लोरिडातल्या सराव सामन्यांना ग्रेपफ्रूट लीग म्हणतात, अ‍ॅरिझोनातल्यांना कॅक्टस लीग. या सामन्यांतली हार-जीत कुठेही मोजली जात नाही.

मोजली जात नाही, तरी लोक सुट्ट्या काढून बघायला जातात. कारण शिबिरात साठ-सत्तर खेळाडू असतात आणि हंगामाच्या पहिल्या दिवशी संघात जागा असतात फक्त २६ (२०१९ पर्यंत २५ होत्या). त्यातल्या बावीस-तेवीस जागा कोणाच्या हे जवळपास ठरलेलं असतं. मोठ्या कराराच्या खेळाडूने मार्चमध्ये कितीही माती खाल्ली तरी त्याला कोणी हात लावत नाही. भांडण होतं ते उरलेल्या तीन-चार जागांसाठी. पाचवा पिचर कोण, राखीव कॅचर कोण, आणि गेल्या वर्षी खालच्या फळीत गाजलेलं ते पोरगं वर येणार की नाही.

आता वाटेल, जो चांगला खेळला त्याला घ्या, यात भांडायचं काय? इथेच बेसबॉल आपल्या सवयीच्या क्रिकेटपेक्षा वेगळा पडतो. २६ जणांच्या मागे ४० जणांची आणखी एक यादी असते. २६ मध्ये यायचं तर आधी या ४० मध्ये नाव हवं. शिबिरात असे कित्येक खेळाडू असतात की ज्यांना नुसतं आमंत्रण असतं, ४० मध्ये नाव नसतं. त्यांच्यापैकी एकाला वर घ्यायचं आणि यादी भरलेली असेल तर कोणाचं तरी नाव कापावं लागतं. ज्याचं नाव कापलं, त्याला दुसरा संघ उचलून नेऊ शकतो.

दुसरी भानगड ‘ऑप्शन’ची. ४० मधल्या खेळाडूला साधारणपणे तीन हंगामांत मनाप्रमाणे खाली-वर करता येतं. ते तीन हंगाम संपले की त्याला खाली पाठवण्याआधी बाकीच्या संघांना विचारावं लागतं, कोणाला हवाय का? म्हणून समजा एका जागेसाठी दोघं आहेत. एक उत्तम खेळतोय आणि त्याचे ऑप्शन शिल्लक आहेत. दुसरा बरा खेळतोय, पण त्याचे संपलेत. बहुतेक वेळा संघात दुसरा राहतो. पहिला कुठे पळून जात नाही, दुसरा जाऊ शकतो. मुरलेल्या चाहत्याला कोणाचे किती ऑप्शन उरलेत हे तोंडपाठ असतं. नवख्याला वाटतं निवड समितीने डोळे मिटून संघ निवडला.

मार्चमधले आकडे खरे मानायचे का?

फार नाही. पहिलं कारण, ते अगदी थोडे असतात. चाळीस-साठ संधींमध्ये कोणाचीही लहर लागू शकते, नियमित खेळणारा बॅटर हंगामात पाचशेच्या वर संधी घेतो. दुसरं म्हणजे समोर कोण होतं हे त्या सरासरीत दिसत नाही. सामन्याच्या उत्तरार्धात दोन्हीकडचे मोठे खेळाडू अंघोळ करून घरी गेलेले असतात आणि पाठीवर ८०-९० नंबर घातलेली पोरं खेळत असतात. अनुभवी पिचरला तेव्हा विकेट काढायची घाई नसते (बेसबॉलमध्ये ‘आऊट’ म्हणायचं). तो नवा चेंडू घोटत असतो, मार बसला तर बसला. शिवाय अ‍ॅरिझोनाच्या कोरड्या हवेत चेंडू जरा जास्तच लांब जातो.

याचं उदाहरण बॉस्टन रेड सॉक्सच्या चाहत्यांना आजही टोचत असेल. २०१३ च्या मार्चमध्ये जॅकी ब्रॅडली ज्युनियर या तरुणाने ०.४१९ ची सरासरी काढली. तिथेही हाच वाद पेटला होता, थोडे दिवस खाली ठेवा की लगेच घ्या? संघाने लगेच घेतलं. पहिल्याच दिवशी तो न्यूयॉर्क यांकीजविरुद्ध मैदानात होता. पण एप्रिल संपायच्या आत त्याची रवानगी खालच्या फळीत झाली, आणि त्या हंगामातल्या ३७ सामन्यांत त्याची सरासरी राहिली ०.१८९. (ब्रॅडली पुढे नावारूपाला आला, २०१८ मध्ये अमेरिकन लीगच्या अंतिम मालिकेचा तो सर्वोत्तम खेळाडू होता. पण ते पाच वर्षांनी.)

तेव्हा कब्सच्या व्यवस्थापनाने ‘मार्चच्या आकड्यांवर जाऊ नका’ असं म्हटलं असतं तर ते चुकीचं नव्हतं. अडचण एवढीच होती की ब्रायंटचा दावा फक्त मार्चवर उभा नव्हता. आदल्या वर्षी खालच्या फळीत त्याने ४३ होम रन मारले होते. त्याला अजून काय सिद्ध करायचं बाकी होतं, याचं पटणारं उत्तर कोणाकडे नव्हतं.

१२ दिवसांचं गणित

मेजर लीगमध्ये आलेला खेळाडू सहा वर्षं त्या संघाला बांधलेला असतो. पहिली साधारण तीन वर्षं त्याचा पगार संघच ठरवतो आणि तो बहुधा किमान वेतनाच्या आसपास असतो. २०१५ मध्ये हे किमान वेतन ५ लाख ७ हजार ५०० डॉलर होतं. पुढची तीन वर्षं पगारावर एकमत झालं नाही तर लवाद आकडा ठरवतो. सहा वर्षं भरली की खेळाडू मोकळा, मग हव्या त्या संघाशी हव्या त्या रकमेचा करार.

पण ‘वर्ष’ कशाला म्हणायचं? नियमानुसार मुख्य संघात १७२ दिवस काढले की एक वर्ष धरलं जातं. २०१५ चा हंगाम ५ एप्रिल ते ४ ऑक्टोबर, म्हणजे १८३ दिवसांचा होता. पहिले १२ दिवस खेळाडूला बाहेर ठेवलं तर उरतात १७१.

एक दिवस कमी. वर्ष भरलं नाही. म्हणजे त्याची सहा वर्षं २०२० ला संपायची ती २०२१ ला संपणार.

कब्सने ब्रायंटला वर बोलावलं ते १७ एप्रिलला. बरोबर १२ दिवस झाले होते. त्याच्या जागी थर्ड बेसवर खेळणाऱ्या माईक ओल्टच्या मनगटाला दुखापत झाली होती आणि फिल्डिंगचा मुद्दा मागे पडला. पहिल्या सामन्यात ब्रायंटला चार संधींत एकही हिट मिळाली नाही, तीनदा तो स्ट्राइक आऊट झाला. नंतर मात्र २६ होम रन मारून तो एकमताने नॅशनल लीगचा सर्वोत्तम नवोदित खेळाडू ठरला.

चाहते संघाची तिजोरी का सांभाळतात?

या सगळ्यातली विचित्र गोष्ट ही की ते १२ दिवसांचं गणित मैदानाबाहेर सगळ्यात हिरिरीने मांडणारे लोक चाहतेच होते. तिकिटाचे पैसे त्यांचे, जर्सी विकत घेणारे ते, आणि वाचणार होते ते पैसे मालकाचे. तरी ‘थांबा, घाई करू नका’ असं म्हणणारे असंख्य होते आणि दर मार्चमध्ये प्रत्येक शहरात असतात.

यात निव्वळ कंजुषी नाही. आवडता खेळाडू आपल्या जर्सीत आणखी एक हंगाम दिसावा, ही साधी ओढ आहे. पण त्या ओढीची किंमत भरतो खेळाडू. बॅटरचा उमेदीचा काळ पंचविशीच्या आगेमागे असतो आणि तोच काळ तो बांधलेला असतो. मोकळं व्हायला एक वर्ष उशीर म्हणजे एक वर्ष म्हातारा होऊन बाजारात उतरणं. गुडघा नाहीतर खांदा मधल्या काळात गेला तर तेही नाही. शिवाय बळी जातो तो फक्त गुणी खेळाडूंचा. सामान्य खेळाडूचे दिवस मोजत बसायला कोणाला वेळ आहे?

संघ मात्र हे कधी कबूल करत नाहीत. केलं तर खेळाडूंच्या संघटनेच्या हातात आयतं कोलीत मिळेल. म्हणून मार्च आला की ‘फिल्डिंग’, ‘परिपक्वता’, ‘आणखी थोडा सराव’ हे शब्द ऐकू येतात. अपवाद एकदाच ठळकपणे घडला. फेब्रुवारी २०२१ मध्ये सिअ‍ॅटल मरिनर्सचे अध्यक्ष केविन मॅदर एका रोटरी क्लबशी ऑनलाइन गप्पा मारत होते. तिथे त्यांनी संघातल्या होतकरू तरुणांना हंगामाच्या सुरुवातीला का खेळवणार नाही आणि त्यात कराराच्या वर्षांचा हिशेब कसा आहे, हे मोकळेपणाने सांगून टाकलं. व्हिडिओ बाहेर आला आणि त्यांना राजीनामा द्यावा लागला. चाहत्यांना त्यात नवीन काहीच नव्हतं. वर्षानुवर्षं ते हेच म्हणत होते.

त्या एका वर्षाचं पुढे काय झालं?

२०१६ मध्ये ब्रायंट नॅशनल लीगचा सर्वात मौल्यवान खेळाडू ठरला आणि कब्सने १०८ वर्षांनी वर्ल्ड सिरीज जिंकली. सातव्या सामन्यातला शेवटचा चेंडू थर्ड बेसकडे घरंगळत आला. तो उचलून फेकताना ब्रायंटचा पाय घसरला, तरी चेंडू फर्स्ट बेसवरच्या अँथनी रिझोच्या ग्लोव्हमध्ये गेला. फिल्डिंग सुधारायची आहे म्हणून ज्याला खाली पाठवलं होतं तोच हा खेळाडू.

दिवसांच्या हिशेबाविरुद्ध त्याने तक्रार केली होती. निकाल लागला २०२० च्या सुरुवातीला, आणि तो त्याच्या विरोधात गेला. नियमात १७२ लिहिलं होतं आणि त्याचे १७१ होते.

मग ते जादा वर्ष उजाडलं, २०२१. त्या जुलैमध्ये कब्सने आपला विजेता संघ मोडीत काढला. दोन दिवसांत रिझो, हावियेर बायेझ आणि ब्रायंट तिघेही गेले. ब्रायंटच्या बदल्यात सॅन फ्रान्सिस्को जायंट्सकडून दोन तरुण खेळाडू मिळाले. २०१५ मध्ये ज्या हंगामासाठी कळ काढायची होती, त्याचा शेवटचा भाग ब्रायंट दुसऱ्याच जर्सीत खेळला.

त्याचं नुकसान किती झालं, हेही वाटतं तितकं सरळ नाही. साथीमुळे ६० सामन्यांचाच झालेल्या २०२० च्या हंगामात त्याची सरासरी ०.२०६ होती. तेव्हा मोकळा झाला असता तर भाव कदाचित पडला असता. मार्च २०२२ मध्ये वयाच्या तिशीत त्याला कोलोराडो रॉकीजने ७ वर्षांसाठी १८ कोटी २० लाख डॉलर दिले. त्यानंतर दुखापतींनी त्याला फारसं खेळूच दिलं नाही.

आता नियम बदलला आहे का?

थोडा. २०२२ मध्ये टाळेबंदीनंतर मालक आणि खेळाडूंमध्ये नवा करार झाला. त्यानुसार सर्वोत्तम नवोदिताच्या मतदानात पहिल्या दोनांत येणाऱ्या होतकरू खेळाडूला दिवस कमी पडले तरी पूर्ण वर्ष मिळतं. उलट बाजूने संघांना आमिषही आहे. नावाजलेल्या नवोदिताला सुरुवातीपासून खेळवलं आणि तो पुरस्कार जिंकला, तर संघाला नवे खेळाडू निवडताना एक जादा संधी मिळते. सिअ‍ॅटलने २०२२ मध्ये हुलिओ रॉड्रिगेझला पहिल्या दिवसापासून खेळवून ती मिळवली. मॅदर यांचाच तो संघ, अध्यक्ष तेवढे बदलले होते.

वाद मिटले का? २०२४ मध्ये पिट्सबर्ग पायरेट्सकडे पॉल स्कीन्स नावाचा पिचर होता, आदल्या वर्षी सगळ्यात आधी निवडला गेलेला. (उत्तर प्रदेशातल्या रिंकू सिंग आणि दिनेश पटेल यांना २००८ मध्ये करारबद्ध करणारा हाच संघ, ‘मिलियन डॉलर आर्म’ चित्रपट त्यांच्यावरच आहे.) मार्चमध्ये त्याला खाली पाठवलं गेलं. खांद्यावर ताण नको, हळूहळू षटकं वाढवू, असं सांगण्यात आलं, आणि तरुण पिचरच्या बाबतीत हे कारण अगदीच पोकळ नसतं. चाहत्यांनी पुन्हा बोटं मोजायला घेतली. स्कीन्स आला ११ मे रोजी. हंगामाच्या शेवटी तो सर्वोत्तम नवोदित ठरला आणि नव्या नियमाने त्याचं वर्ष पूर्ण धरलं गेलं. पिट्सबर्गला ना ते जादा वर्ष मिळालं, ना जादा निवडीची संधी. एप्रिलमधले स्कीन्सचे सामने तेवढे हुकले.