घरातला समुद्र (भाग ९) : मऊ प्रवाळ कुजू लागला तर

मऊ प्रवाळ काटक समजले जातात. टाकी नवी असताना सगळ्यात आधी तेच आणले जातात आणि बहुतेक वेळा जगतातही. म्हणूनच ते आजारी पडले की माणूस गोंधळतो आणि हाताला येईल ते औषध टाकीत ओततो. या भागात मला आग्रहाने एवढेच सांगायचे आहे की औषध टाकीत ओतायचे नाही. उपचार करायचा तो टाकीबाहेर, वेगळ्या भांड्यात, आणि त्याचा मुख्य भाग पात्याचा आहे, बाटलीचा नाही.

आधी दुखणे खरे आहे का, ते पाहावे. सार्कोफायटन, म्हणजे छत्रीच्या आकाराचा लेदर कोरल, अधूनमधून आपले पॉलिप, म्हणजे अंगावरची फुलांसारखी तोंडे, आत ओढून घेतो. अंगावर मेणचट चकाकी येते, रंग मळकट होतो. असा तो चार दिवस राहतो, कधी दोन आठवडेही राहतो. मग वरचा पातळ पापुद्रा सुटून वाहून जातो आणि खालचे अंग स्वच्छ निघते. अंगावर बसलेले शेवाळ आणि गाळ झटकण्याची ही त्याची रीत आहे. अशा वेळी प्रवाह थोडा वाढवावा आणि त्याला त्रास देऊ नये.

कूज वेगळी दिसते. एखाद्या ठिकाणी, बहुधा बुंध्याशी किंवा घडीत, काळपट वा तपकिरी चट्टा पडतो. तिथले मांस लिबलिबीत होते, पिपेटने पाण्याचा झोत मारला की चिंध्या सुटतात. तुकडा बाहेर काढून हुंगला तर सडका वास येतो आणि चट्टा दिवसागणिक पसरतो. ही जिवाणूंची कामगिरी असते, पण जिवाणू बहुतेक वेळा मागून येतात. आधी प्रवाळ कशाने तरी खचलेला असतो.

तो कशाने खचतो? बुलढाणा जिल्ह्यापुरते बोलायचे तर उन्हाळा आणि पाणी ही दोन उत्तरे सगळ्यात आधी तपासावीत. बुलढाणा शहर घाटावर आहे, तिथे जरा निभावते. मलकापूर, नांदुरा, खामगाव, शेगाव या घाटाखालच्या गावांत मे महिन्यात खोलीतले पाणी सहज तिशीपार जाते. मऊ प्रवाळाला २५-२६ अंश मानवतात. पाणी फार तापले की त्याच्या पेशींत राहून त्याला अन्न पुरवणारी सूक्ष्म शैवाले निघून जातात, प्रवाळ फिका पडतो आणि त्याची जखम भरेनाशी होते. गरम पाण्यात प्राणवायूही कमी विरघळतो.

इथे विदर्भाच्या कोरड्या हवेचा एक फायदा आहे. टाकीच्या पृष्ठभागावर लहान पंखा लावला तर बाष्पीभवनाने पाणी दोन-तीन अंश उतरते. मुंबईच्या दमट हवेत हाच पंखा एवढे काम करत नाही. पण या फायद्याची किंमत मोजावी लागते. पाणी उडते, मीठ मागे राहते. दोनशे लिटरच्या टाकीतून रोज ४ लिटर उडाले आणि पाच दिवस कोणी भर घातली नाही, तर हजारी ३५ ची क्षारता ३९ च्या घरात जाते. लग्नाच्या हंगामात घर बंद करून गावाला जाणाऱ्यांच्या टाक्या इथेच बिघडतात. उडालेल्या पाण्याची भर रोज घालावी, आणि ती गोड्या पाण्याची. मिठाच्या पाण्याची नव्हे.

आता हे गोडे पाणी कुठले? पूर्णेच्या खोऱ्यातला खारपाणपट्टा जळगाव जामोद, संग्रामपूर, शेगाव, नांदुरा या तालुक्यांतून जातो. तिथे विहिरीचे, बोअरचे पाणी खारट लागते, म्हणून ते समुद्री टाकीला चालेल असे काहींना वाटते. चालत नाही. समुद्राच्या पाण्यात नुसते मीठ नसते. लिटरमागे सुमारे ४०० मिलिग्रॅम कॅल्शियम, १३०० मिलिग्रॅमच्या आसपास मॅग्नेशियम असे ठरलेले गणित असते. बोअरच्या खारटपणाचे गणित निराळे, शिवाय त्यात नायट्रेट असू शकते. लोणार सरोवराचे पाणी तर याहून दूर. समुद्राचा पीएच ८.१ च्या आसपास, लोणारचा १० च्या आसपास. त्या पाण्यात रमणारे सूक्ष्मजीव वेगळेच आहेत, जून २०२० मध्ये सरोवर गुलाबी झाले ते अशाच क्षारप्रिय जीवांमुळे. प्रवाळ तिथे तग धरणार नाही.

घरगुती आरओ यंत्र चांगल्या स्थितीत असेल तर नव्वद-पंचाण्णव टक्के क्षार गाळते. पण मूळ पाण्याचा टीडीएस, म्हणजे विरघळलेल्या क्षारांचे प्रमाण, २००० असेल, तर गाळून निघालेल्या पाण्यातही १०० ते २०० उरतोच. म्हणून आरओच्या पुढे डीआय रेझिनची नळी जोडावी आणि मीटर शून्य दाखवेल तेच पाणी टाकीला वापरावे. रेझिनचा खर्च आहे खरा, पण मेलेल्या प्रवाळापेक्षा तो कमीच आहे.

पाणी जागेवर आणले, तरी पडलेला चट्टा आपोआप भरतोच असे नाही. तो कापावा लागतो. संग्रामपूर भागातल्या संत्रा बागायतदारांना हे पटकन कळेल. डिंक्या रोगात ते सडलेली साल निरोगी भागापर्यंत खरवडून काढतात, अर्धवट ठेवत नाहीत. इथेही तसेच. टाकीतलेच पाणी भांड्यात घेऊन प्रवाळ त्यात काढावा. हातमोजे घालून, नव्या सर्जिकल ब्लेडने चट्ट्याच्या कडेपासून साधारण एक सेंटिमीटर आत, स्वच्छ रंगाच्या मांसातून काप घ्यावा. बुंधा पुरता सडला असेल तर छत्रीच कापून वेगळी करावी; तिच्यातून नवा प्रवाळ उभा राहतो. छत्री गेली आणि बुंधा निरोगी राहिला, तर त्या खुंटालाही पुन्हा डोके फुटते.

मग आयोडीनचे स्नान. पाच टक्के लुगोल द्रावणाचे लिटरमागे ५ थेंब, दहा-पंधरा मिनिटे, हे हौशी लोकांत रूढ असलेले प्रमाण. प्रयोगशाळेतले ग्रॅम्स आयोडीन बरेच सौम्य असते, तेव्हा बाटलीवरची टक्केवारी वाचूनच घ्यावी. स्नानाचे पाणी फेकून द्यावे, प्रवाळ ताज्या खाऱ्या पाण्यात विसळावा. झेनिया या मऊ प्रवाळाला मात्र असे स्नान सहसा सोसत नाही, तिथे नुसते कापणे बरे. कापलेला तुकडा फेव्हिक्विकने चिकटत नाही, कारण अंग बुळबुळीत असते. मच्छरदाणीच्या कापडात सैल गुंडाळून दगडाच्या तुकड्यावर बांधावा. एक ते तीन आठवड्यांत तो स्वतःच धरतो. तोवर उजेड मंद, प्रवाह मध्यम आणि फिल्टरमध्ये नवा अॅक्टिव्हेटेड कार्बन ठेवावा. जखमी लेदर कोरल पाण्यात टर्पीन वर्गातली द्रव्ये सोडतो, त्यांचा शेजारच्या प्रवाळांना त्रास होतो. कार्बन ती शोषून घेतो.

संत्र्याची उपमा इथे संपते. खरवडलेल्या सालीवर बागायतदार बोर्डो मलम लावतो, म्हणजे मोरचूद आणि चुना. प्रवाळाच्या टाकीत मोरचूद म्हणजे मृत्यू. त्यातले तांबे प्रवाळ, झिंगे, गोगलगाई, सगळ्यांना मारते आणि दगड-वाळूत मुरून पुढे बराच काळ पाझरत राहते. माशांच्या पांढऱ्या ठिपक्यांवरच्या अनेक औषधांत तांबेच असते. प्रतिजैविकेही मुख्य टाकीत नकोत, कारण अमोनिया पचवणारे उपयोगी जिवाणू त्यांनी मरतात.

कुठलाही चट्टा नसताना पॉलिप मिटलेलेच राहत असतील, तर रात्री दिवे गेल्यावर टॉर्च घेऊन पाहावे. बिनकवचाच्या समुद्री गोगलगाई प्रवाळाचाच रंग घेऊन त्याला कुरतडतात. त्या चिमट्याने काढाव्यात. अंडी स्नानाने मरत नाहीत, म्हणून ती खरवडावी आणि आठवड्याने पुन्हा तपासावे.

झोअँथिड हे प्रवाळांचे नातलग कापणाऱ्यांनी मात्र विशेष जपावे. त्यांतल्या काहींच्या, विशेषतः पॅलिथोआच्या अंगात पॅलिटॉक्सिन हे अत्यंत घातक विष असते. हवाईच्या संशोधकांनी ते १९७१ मध्ये वेगळे केले. हातमोज्यांबरोबर डोळ्यांवर गॉगल हवाच, हाताला चीर असेल तर काम पुढे ढकलावे. ज्या दगडावर ते वाढले आहेत तो कधीही उकळू नये, गरम पाण्याने धुऊ नये. त्या वाफेने घरातली माणसे रुग्णालयात पोचल्याची उदाहरणे परदेशात नोंदलेली आहेत. मुले त्या खोलीत नकोत.

मेलेल्याच्या जागी नवा प्रवाळ आणाल, तर टाकीत वाढवलेल्या प्रवाळाचा तुकडाच घ्या. मालवणला गेलात तर तिथून काही उचलून आणू नका. तिथले सागरी अभयारण्य १९८७ पासून संरक्षित आहे, आणि दगडी प्रवाळ, काळे प्रवाळ व सी-फॅन २००१ पासून वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत.

पुढच्या आठवड्यात वीज गेल्यावर टाकी कशी तगवायची ते पाहू. तोवर टाकीखालच्या कपाटातल्या औषधांच्या बाटल्यांवरील घटक वाचा आणि तांबे असलेली प्रत्येक बाटली तिथून हलवा.