‘आई, तुम्ही बसा, मी देते’

सकाळी ७:००
पहिली घरभेट सांगलीच्या गावभागात. आजी ७४ वर्षांच्या, दोन्ही गुडघ्यांची झीज. आधी माडी चढणं सुटलं, मग देऊळ, मग भजन. आता दिवस कॉट ते संडास एवढ्यातच सरतो. सूनबाई मायेच्या. आजींनी उठायला हात टेकला की त्या आतूनच म्हणतात, ‘आई, तुम्ही बसा, मी देते.’

हात छातीशी बांधून खुर्चीतून पाच वेळा उठा-बसायला १२ सेकंद किंवा जास्त लागले, तर आशियाई निकषांनुसार पायांची ताकद तपासायला हवी. आजींना हात न टेकता एकदाही उठता येईना. टॉवेल पिळता येतो का विचारलं, तर सुनेकडे बघितलं. ब्लाउजच्या दोन्ही बाह्यांना आतून नवी टीप घातलेली. दंड बारीक झालेत हे घरात सगळ्यात आधी शिंप्याला कळलं असणार.

९:३०
ओपीडी. ‘मॅडम, गॅप कमी झालाय, वंगण संपलंय,’ म्हणत काका एक्स-रे पुढे करतात. फोटोतली झीज आणि प्रत्यक्षातलं दुखणं यांचा मेळ बसतोच असं नाही, म्हणून मी आधी मांडी चाचपते. गुडघा सुजला की मांडीच्या पुढच्या स्नायूला मिळणारे इशारेच मंदावतात. स्नायू सुकतो, सांध्याला सावरणारं कुणी राहत नाही, दुखणं वाढतं आणि माणूस आणखी बसतो. गुडघ्यानं सुरू झालेलं दुखणं असं सगळ्या अंगाची ताकद ओढून नेतं.

११:३०
मिरजेकडच्या काकू. ‘मी कुठली अशक्त? वजन बघा की माझं!’ वजन भरपूर, पण मूठ आवळायच्या यंत्रावर काटा १४ किलोवर थांबला. बायकांमध्ये १८ किलोच्या खाली म्हणजे पकड कमजोर. अंग भरलेलं असूनही आत स्नायू कमी, असं सर्रास दिसतं आणि घरच्यांच्या लक्षातच येत नाही.

लिंडा फ्राइड आणि सहकाऱ्यांनी २००१ मध्ये वार्धक्यातल्या जर्जरपणाच्या पाच खुणा मांडल्या : आपोआप घटलेलं वजन, सततचा थकवा, कमजोर पकड, मंद चाल आणि कमी हालचाल. तीन किंवा जास्त असल्या तर माणूस जर्जर, एक-दोन असल्या तर उंबरठ्यावर. गुडघेदुखी यातल्या शेवटच्या दोन सहज आणून ठेवते. काकू उंबरठ्यावर आहेत. तिथून मागे फिरता येतं.

१:३०
डबा खाताना आजींचं जेवण आठवतं : चहा-बिस्कीट, दुपारी मऊ भात, रात्री दूध-पोळी. म्हातारपणी रोज दर किलो वजनामागे साधारण १ ते १.२ ग्रॅम प्रथिनं लागतात. त्यांच्यासाठी वहीत लिहिते : घट्ट वरण, उसळ, दही, चालत असेल तर अंडं. मूत्रपिंडाचा त्रास असेल तर आधी डॉक्टरांना विचारणं. दुकानातून परस्पर आणलेल्या दुखण्यावरच्या गोळ्याही दाखवायला सांगायच्या; या वयात त्या पोट आणि मूत्रपिंड दोन्हींना जड जातात.

४:००
सांधेबदलाच्या शस्त्रक्रियेआधी पाठवलेले आबा. नवा सांधा बसला तरी तो चालवायला मांडी जुनीच असते. म्हणून आधीपासूनच ताकद कमवायची. काठी त्यांनी दुखऱ्या बाजूला धरलेली. ती दुसऱ्या हातात दिली. पाच पावलांत चेहरा सैल झाला.

६:००
गटाचा व्यायाम. खुर्चीतून उठणं, भिंतीला धरून टाचा उचलणं, एकेक पायरी चढणं. ‘दुखलं तर?’ हा रोजचा प्रश्न. थोडं दुखलं आणि दुसऱ्या दिवसापर्यंत मूळपदावर आलं तर चालेल. तसं नाही झालं तर प्रमाण कमी करायचं, व्यायाम बंद नाही करायचा.

८:१५
गावभागातल्या आजींच्या मुलाचा फोन. ‘मॅडम, आईला नेमका आराम किती द्यायचा?’

‘रात्रीचा पुरे. उद्यापासून चहा कॉटवर नेऊ नका, ओट्यापाशी बोलवा. उंच खुर्ची ठेवा, उठताना कुणीतरी शेजारी उभं राहा, पण ओढून उठवू नका.’

‘लोक म्हणतील, म्हातारीला कामाला लावलं.’

‘म्हणू देत. आठवडाभरानं भाजी निवडायलाही द्या.’