एक संगणक, अनेक बिऱ्हाडे

संगणक हे यंत्र आता लांजीसारख्या गावालाही परके राहिलेले नाही. शाळेत, कचेरीत, झेरॉक्सच्या दुकानात आणि पुष्कळ घरांतही ते येऊन बसले आहे. परंतु एका यंत्रावर एकाच माणसाची मालकी क्वचितच असते. घरी ते वडील, ताई आणि धाकटा भाऊ आळीपाळीने वापरतात. शाळेत तर वर्गामागून वर्ग त्याच यंत्रापुढे बसतात. म्हणून प्रत्येकाचे निराळे खाते उघडण्याची पद्धत आहे. मग एक चमत्कारिक अनुभव येतो. एकाने आपल्या खात्यातून बसवलेले सॉफ्टवेअर दुसऱ्याच्या खात्यात दिसतच नाही. असे का होते आणि ते सर्वांच्या उपयोगी कसे पाडावे, याचा विचार आपण येथे करू.

एका यंत्रावर अनेकांनी नांदण्याची कल्पना तशी जुनी आहे. १९६१ साली अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्सच्या प्रसिद्ध तंत्रशिक्षणसंस्थेत फर्नांदो कॉर्बातो आणि त्यांचे सहकारी यांनी एकच मोठा संगणक अनेकांना एकाच वेळी वापरता येईल अशी योजना करून दाखविली. एकाचे कागद दुसऱ्याच्या हाती पडू नयेत म्हणून तेथे प्रत्येकास परवलीचा शब्द, म्हणजे पासवर्ड, देण्यात आला. आजची खाती ही त्याच व्यवस्थेची वंशज होत.

ही व्यवस्था समजण्यास जुन्या वाड्याचा दृष्टान्त पुरेसा आहे. वाड्यात अनेक बिऱ्हाडे असतात. प्रत्येकाची खोली वेगळी आणि तिची किल्लीही वेगळी. पण विहीर, ओसरी आणि अंगण सर्वांचे. विंडोज या प्रणालीत ‘यूजर्स’ नावाच्या कप्प्यात प्रत्येक खात्याची खोली असते, आणि ‘प्रोग्रॅम फाइल्स’ व ‘विंडोज’ हे कप्पे म्हणजे सामाईक अंगण होय. खोलीत वस्तू ठेवण्यास कोणाची परवानगी लागत नाही. अंगणात ठेवावयाची तर वाड्याच्या कारभाऱ्यास विचारावे लागते. संगणकाच्या या कारभाऱ्यास ‘ॲडमिनिस्ट्रेटर’ म्हणतात. तात्पर्य, सॉफ्टवेअर सर्वांना मिळते की एकालाच, हे ते खोलीत ठेवले की अंगणात, यावर अवलंबून असते.

याचे उत्तम उदाहरण आपल्याच बालाघाट जिल्ह्यातील आहे. गोंडी भाषा आपल्या भागात बहुधा देवनागरीत लिहितात. तथापि १९१८ साली या जिल्ह्यातील मुन्शी मंगलसिंग मसराम यांनी तिच्यासाठी स्वतंत्र लिपी रचली. जगातील लिप्यांच्या अक्षरांना क्रमांक देणाऱ्या युनिकोड या संकेतात ‘मसराम गोंडी’ या नावाने तिचा समावेश २०१७ साली झाला. परंतु नुसता क्रमांक मिळून अक्षर दिसत नाही. त्याचा आकार दाखविणारा टंक, म्हणजे फॉन्ट, संगणकात असावा लागतो. असा टंक विनामूल्य मिळतो. समजा, एका विद्यार्थ्याने तो आपल्या खात्यात बसवला आणि त्या लिपीत आजीची एक कहाणी लिहिली. त्याच यंत्रावर त्याच्या मैत्रिणीने आपल्या खात्यातून ती उघडली, तर तिला अक्षरांच्या जागी रिकामे चौकोन दिसतील! कहाणी तीच, यंत्रही तेच. पण टंक राहिला पहिल्याच्या खोलीत. जिच्या घरी गोंडी बोलली जाते त्या मुलीचा समज मात्र असा होईल की, आपली लिपी या यंत्राला ठाऊकच नाही.

पूर्वी विंडोजमध्ये टंक सर्वांसाठीच बसत असे, पण त्यासाठी कारभाऱ्याची अनुमती लागे. २०१८ च्या अखेरीस आलेल्या सुधारणेपासून विंडोज १० मध्ये साधे ‘इन्स्टॉल’ दाबल्यास टंक केवल त्या खात्यापुरता बसतो. यावर उपाय सोपा आहे. टंकाच्या फाइलीवर माउसची उजवी कळ दाबावी, ‘इन्स्टॉल फॉर ऑल यूजर्स’ हा पर्याय निवडावा आणि कारभाऱ्याचा पासवर्ड द्यावा. इतर सॉफ्टवेअर बसवतानाही ‘केवळ माझ्यासाठी की सर्वांसाठी’ असा प्रश्न पुष्कळदा येतो. तेथे दुसरा पर्याय घ्यावा. एखादे सॉफ्टवेअर आधीच एका खोलीत बसले असेल, तर त्याचे चित्रचिन्ह दुसऱ्याच्या पडद्यावर नेऊन ठेवल्याने काम भागत नाही, कारण कुलूपबंद खोलीचा नुसता पत्ता दिल्याने दार उघडत नाही. ते तेथून काढून पुन्हा सर्वांसाठी बसवणे हाच खरा मार्ग. लिनक्स प्रणालीत तिच्या भांडारातून घेतलेले सॉफ्टवेअर सामान्यतः सामाईक जागीच बसते. टंक मात्र स्वतःच्या कप्प्यात ठेवल्यास तेथेही एकट्याचाच राहतो.

इतके करूनही काही गोष्टी ज्याच्या त्याने करावयाच्या उरतात. विहीर सर्वांची असली तरी घागर आपापलीच! मराठीचा कळफलक कोणता वापरावा, ही निवड प्रत्येक खात्यात स्वतंत्र असते. कारभाऱ्यास आपली निवड पुढे उघडल्या जाणाऱ्या नव्या खात्यांसाठी उतरवून ठेवता येते. जुन्या खात्यांत ती ज्याची त्याने करावी लागते. म्हणून काम झाल्यावर कारभाऱ्याने स्वतःच्या नव्हे, तर एखाद्या साध्या विद्यार्थ्याच्या खात्यात शिरून सारे नीट चालते ना, हे अवश्य पाहावे. खरी परीक्षा तेथेच होते.

कोणी म्हणेल, एवढा खटाटोप कशाला? सर्वांनाच कारभारी का करू नये? परंतु विहिरीत कोणीही काहीही टाकू लागला तर सारा वाडा आजारी पडेल. कारभाऱ्याच्या अधिकाराने आलेले घातक सॉफ्टवेअर सर्वच खात्यांत शिरू शकते. शिवाय काही सॉफ्टवेअरचा परवाना एकाच व्यक्तीपुरता असतो. ते सर्वांना देण्यापूर्वी त्याच्या अटी वाचणे हा प्रामाणिकपणाचा भाग आहे.

विद्यार्थिमित्रांनो, सोय आपल्यापुरती करून घेणे सोपे असते. ती सर्वांची करावयाची तर थोडी अधिक तसदी पडते, अनुमती मागावी लागते आणि जबाबदारीही घ्यावी लागते. पण त्या तसदीमुळेच एकाचा टंक साऱ्या वर्गाचा होतो, आणि शंभर वर्षांपूर्वी आपल्या जिल्ह्यात जन्मलेली लिपी त्या यंत्रापुढे बसणाऱ्या प्रत्येक मुलास वाचावयास मिळते.