मेढ्यात तार तुटली, हे जगाला कसं कळतं?

जावळी तालुक्याचं ठिकाण असलेल्या मेढ्याहून पुणे-बंगळूर महामार्गाला लागायला दोन वाटा आहेत. एक वेण्णेच्या अंगाने खाली साताऱ्याला उतरते, दुसरी कुडाळवरून पाचवडला निघते. तिसरा रस्ता केळघर घाटाने महाबळेश्वरला चढतो. पावसाळ्यात तिथे दरडींची धास्ती. इंटरनेटची फायबरही बहुतेकदा रस्त्याच्याच कडेने, चरातून येते. रुंदीकरणाला जेसीबी लागला की पहिला घाव तिच्यावर बसतो. म्हणून ज्या कचेरीचं काम नेटवाचून खोळंबतं, ती दोन कंपन्यांच्या लाइन घेते. एक गेली तर दुसरी आहेच.

पण लाइन गेली, हे राउटरला समजतं कसं? तुटलेलं असतं कुठे तरी एक्स्चेंजच्या पलीकडे. कचेरीतल्या मोडेमवरचा हिरवा दिवा तसाच जळत असतो, कारण मोडेमपासून एक्स्चेंजपर्यंत सगळं ठाकठीक असतं. म्हणून राउटर दर काही सेकंदांनी लांबच्या एखाद्या सर्व्हरला हाक मारून बघतो. ओ आली नाही की पुन्हा, मग आणखी एकदा. तरी सामसूम असेल तर सगळी वाहतूक दुसऱ्या लाइनवर. टेबलावरच्या माणसाला एखादं पान जरा अडखळल्यासारखं वाटतं, एवढंच. बँकेच्या साइटवर मात्र पुन्हा लॉगिन करावं लागतं. आयपी अ‍ॅड्रेस नेट पुरवणाऱ्या कंपनीचा असतो. लाइन बदलली की तो बदलतो आणि बँकेच्या लेखी समोर कोणी नवखाच उभा राहतो.

कचेरीतून बाहेर जाणाऱ्या कामाला एवढं पुरतं. पण सर्व्हरच कचेरीत असेल आणि बाहेरून लोक त्याच्याकडे येत असतील तर? त्यांना जुनाच अ‍ॅड्रेस ठाऊक, आणि त्या अ‍ॅड्रेसची वाट तर बंद पडलेली. यावरचा तोडगा मला आपल्या काळातल्या फार मोठ्या नवलांपैकी एक वाटतो.

संस्थेने स्वतःच्या नावावर अ‍ॅड्रेस घ्यायचे, किमान २५६ चा गट. त्याहून लहान गटाची बहुतेक मोठे राउटर दखल घेत नाहीत. सोबत आपल्या जाळ्याची ओळख सांगणारा एक एएस नंबर घ्यायचा. भारतात तो आयआरआयएनएन या नोंदणी संस्थेकडून मिळतो. मग दोन्ही कंपन्यांच्या राउटरना कळवायचं, ‘हे अ‍ॅड्रेस माझ्याकडे आहेत.’ ते आपापला नंबर जोडून शेजाऱ्यांना सांगतात, शेजारी त्यांच्या शेजाऱ्यांना. असं होत होत साओ पावलोतल्या राउटरलाही या कचेरीच्या वाटेची खबर लागते! जगभरच्या मोठ्या राउटरांकडे अशा सुमारे १० लाख गटांच्या वाटा नोंदलेल्या असतात. मुख्य कचेरी कुठेच नाही, वरचा साहेब नाही, सगळा नकाशा कुणा एकाकडे नाही. एक लाइन तुटली की ‘ही वाट आता नाही’ एवढा निरोप शेजाऱ्याकडून शेजाऱ्याकडे जातो आणि बहुधा काही मिनिटांत जग दुसऱ्या वाटेने त्याच अ‍ॅड्रेसवर येऊ लागतं.

ज्या नियमांनी हे चालतं त्यांना बीजीपी म्हणतात. १९८९ साली कर्क लॉहीड आणि याकोव्ह रेख्टर या दोघांनी त्यांचा पहिला आराखडा जेवता जेवता कागदी नॅपकिनांवर मांडला होता. बीजीपीतली एक युक्ती तर फारच गोड आहे. दुसरी लाइन महाग किंवा संथ असेल आणि ती राखीवच ठेवायची असेल, तर तिच्यावरून कळवताना आपला नंबर तीन-चार वेळा लिहायचा. इतर गोष्टी सारख्या असतील तर राउटर कमी नंबरांची वाट निवडतो. त्याला ही वाट लांबची वाटते आणि पहिली चालू आहे तोवर तो सहसा इकडे फिरकत नाही.

मात्र हे सगळं शेवटी जमिनीतून जातं. बिलं दोन कंपन्यांची आली म्हणून वाटाही दोन झाल्या, असं नाही. पुष्कळदा एक कंपनी दुसरीच्याच केबलमधले धागे भाड्याने घेते, किंवा दोघींच्या केबल एकाच चरात निजलेल्या असतात. मग जेसीबीचा एकच दात दोन्ही लाइन एका दमात उडवतो. म्हणून दुसरी लाइन घेताना किती एमबीपीएस हे नंतर विचारावं. आधी केबल कुठल्या रस्त्याने येते ते विचारावं. एक साताऱ्याकडून आणि दुसरी कुडाळकडून आली, तर दोन लाइनचे पैसे सार्थकी लागले. दुसरी केबल मिळतच नसेल, तर मोबाइलचा फोरजी राउटर किंवा टेकडीवरून रेडिओ लिंक; पण त्या टॉवरला नेट कुठून येतं, हेही विचारून घ्यावं.

दोन वाटांचा हाच धडा गावोगावी फायबर नेणाऱ्या सरकारच्या भारतनेट योजनेतही दिसतो. तिच्यात ग्रामपंचायतींना सुरुवातीला बहुतेक ठिकाणी तालुक्याकडून निघालेली एकेक सरळ ओळ मिळाली. मध्ये तुटली की पुढची सगळी गावं बंद. २०२३ साली मंजूर झालेल्या सुधारित कार्यक्रमात त्याऐवजी कडं करायचं ठरलं: केबल गावागावांतून फिरून पुन्हा मूळ जागी येते. कुठेही एका ठिकाणी तुटली तर प्रकाश उलट बाजूने फिरतो आणि तुटलेल्या जागेच्या दोन्हीकडची गावं चालू राहतात.